ग्रुप राइडबद्दल आलेल्या तक्रारी: ऐकायच्या कोणी, आणि पुढे करायचं काय? (अचलपूर-परतवाडा)

घाटवेडी

दिवाळीपासून आपल्या सायकल क्लबच्या राइडबद्दल चार तक्रारी आल्या आहेत. तीन व्हॉट्सॲपवर आल्या. तिथे कोणी हात जोडले, कोणी "पुढच्या वेळी काळजी घेऊ" लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत विषय वर सरकून गेला. चौथी घेऊन एक शेतकरी काका थेट माझ्या घरी आले, कारण ते ग्रुपवर नाहीत. समितीनं हे सगळं एकत्र मांडायला मला सांगितलंय. इथे लिहितेय कारण इथलं लिहिलेलं नंतरही सापडतं, आणि क्लबबाहेरच्यांनाही बोलता येतं. तक्रार करणाऱ्यांना विचारूनच लिहितेय. नावं देणार नाही, तुम्ही ओळखलीत तरी कृपया देऊ नका.

पहिली तक्रार पहाटे पाचला सुटलेल्या राइडची, बहिरमच्या रस्त्यावरची. पूर्ण अंधार. पुढच्या गटातल्या काहींच्या मागे लाल दिवा नव्हता. डाव्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती, तिलाही मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पुढच्यानं शेवटच्या क्षणी उजवीकडे घेतलं, मागचे सगळे त्याच्या मागोमाग उजवीकडे गेले, आणि समोरून संत्र्याचा ट्रक आला. ट्रकवाल्यानं गाडी कडेला उतरवली म्हणून सगळे घरी परतले.

दुसरी चाकाला चाक लागण्याची. एकाचं पुढचं चाक पुढच्या माणसाच्या मागच्या चाकाशेजारी गेलं, पुढच्यानं खड्डा चुकवला, मागचा पडला. कॉलरबोन मोडली. दोघं त्याच्याजवळ थांबले, बाकी गट पुढे निघून गेला.

तिसरी एका ताईंची. चिखलदऱ्याच्या घाटात त्यांचं चाक पंक्चर झालं, मागे कोणी नव्हतं, फोनला रेंज नव्हती. त्या दिवशी स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहून मागे पडलेल्यांना सांभाळणारा, कोण हे ठरलंच नव्हतं. वर पोचल्यावर त्यांना ऐकायला मिळालं की एवढा वेग जमत नसेल तर छोट्या राइडला येत जा.

चौथी काकांची. रस्त्याच्या एका बाजूला वाळत टाकलेल्या सोयाबीनवरून आपल्या लोकांनी सायकली नेल्या आणि वरून त्यांनाच बोलून गेले. शिवाय तिघं-तिघं शेजारी चालतात, दुधाच्या गाडीला वाट देत नाहीत.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे मी तटस्थ असल्याचा गैरसमज नको. यातली सगळ्यात मोलाची तक्रार मला पहिली वाटते, जिच्यात कोणाला ओरखडाही आला नाही. हाड मोडलं की जो तो आपली बाजू सांभाळून बोलतो. काही झालं नाही तेव्हाच खरं काय घडलं ते कळतं, आणि नेमकं तेच आपण "वाचलो बाप्पा" म्हणून सोडून देतो. थोडक्यात टळलेलं प्रत्येक प्रकरण लिहून ठेवलं पाहिजे. आणि ज्यानं राइड नेली त्यानंच त्या राइडची तक्रार निकाली काढायची, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

बोला.

बीआरएम_२००

ताई, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण एक बाजू माझीही ऐका. आपल्यातले काही जण २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, तयारी करताहेत. त्यांना पहाटे निघावं लागतं, वेग ठेवावा लागतो, ओळीत चालवायची सवय लागते. ब्रेव्हेत कोणी कोणासाठी थांबत नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं असतं. प्रत्येक तक्रारीवर नियम करत गेलो तर उद्या राइडला परवानगीचा अर्ज भरावा लागेल, आणि चांगले सायकलपटू एकेकटे निघून जातील. सायकलिंगमध्ये धोका आहेच. प्रत्येकानं सुरुवातीला फॉर्मवर सही केलेली आहे.

सिपनाकाठ

@बीआरएम_२००, भाऊ, ब्रेव्हे मीही केल्या आहेत, म्हणून लिहितो.

२०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे चहा, जेवण, पंक्चर, सगळं धरून ताशी १५ ची सरासरी. ३०० ला २० तास, हिशोब तोच. त्यासाठी जानेवारीच्या अंधारात परतवाड्याच्या रस्त्यावर तीसनं पळायची गरज नाही. आणि ब्रेव्हेत अंधार पडला की मागचा-पुढचा दिवा आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं असतं. पहिल्या तक्रारीतल्या लोकांना ब्रेव्हेच्या नियमानं सुरुवातीच्या ठिकाणीच थांबवलं असतं. ब्रेव्हेचं नाव घ्यायचं तर तिचे नियमही घेऊ.

दुसरं, ओळीत चालवण्याबद्दल. ताशी ३० च्या वेगाला सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त जाते. समोरचं दिसणं, डोक्यात शिरणं आणि बोटांनी ब्रेक दाबणं यात सेकंदभर तरी जातो. ओळीत आपण अंतर ठेवतो हातभर. म्हणजे मागच्याला रस्ता दिसतच नाही, तो पूर्णपणे पुढच्याच्या इशाऱ्यावर अवलंबून असतो. मोकळ्या, माहितीच्या, दिवसाच्या रस्त्यावर हे चालतं. गावात शिरताना रंग न मारलेला गतिरोधक, अचानक फाट्यावरून येणारी बंडी, रस्ता ओलांडणारी गुरं, यात ते चालत नाही.

आणि चाकाशेजारी चाक नेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगत आलोय. लागलं तर पुढच्याला फारसं काही होत नाही, कारण त्याचं मागचं चाक वळत नाही. मागच्याचं पुढचं चाक अडतं, हँडल जागेवर राहत नाही, आणि तो सरळ आडवा होतो. ज्याची कॉलरबोन मोडली त्याला हे कोणी शिकवलं होतं का? नव्या माणसाला पहिल्याच रविवारी ओळीत घातलं असेल तर दोष त्याचा कसा?

पान्हा_पेचकस

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, बरेच जण ओळखतात. घाटाच्या राइडआधी दोन दिवस गर्दी असते. सगळ्यांना गिअर सेट करून पाहिजे, ब्रेकचं कोणी बोलत नाही.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे. चढताना सायकल वाईट असली तर फक्त पाय दुखतात. उतरताना मोथा गावाच्या खाली वळणं लागली की कळते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रबर काढून पाहा, त्यात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतले असतील तर ते रिम खाऊन राहिलेत. केबलचा एखादा तार तुटलेला दिसला तर ती केबल गेली समजा. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा. डिस्कवाल्यांनी पण पॅड पाहून घ्या, नवीन तंत्र आहे म्हणून झिजत नाही असं नाही.

मी एक करू शकतो. घाटाच्या राइडच्या आदल्या संध्याकाळी दुकानासमोर सगळ्यांचे ब्रेक, टायर आणि चाक घट्ट धरणारे स्क्यूअर फुकट पाहून देतो. पण मी "ही नेऊ नका" म्हटलं की ती सायकल राइडला नाही आली पाहिजे. मागच्या वर्षी मी सांगितलं होतं, तरी एक जण तीच घेऊन गेला.

मागे_राहिलेली

तिसरी तक्रार माझी आहे. नाव नाही लिहीत, पण गप्पही बसवत नाही.

पंक्चर काढता येतं मला. त्या दिवशी ट्यूबचा व्हॉल्व्हच फाटला होता, आणि माझ्याकडची दुसरी ट्यूब सकाळीच एका दादांना दिली होती. ते दादा पुढे गेले. मी जवळजवळ तास चालले. माकडं होती, दोन जीपवाले थांबून "मॅडम, सोडून देऊ का" विचारून गेले. चांगल्या मनानं विचारलं असेल, पण एकट्या बाईला जंगलातल्या रस्त्यावर ते ठरवायचं असतं तेव्हा कसं वाटतं ते वेग मोजणाऱ्याला नाही कळणार.

मला माफी नको होती. मला एवढंच हवं होतं की वर चहा पिताना कोणीतरी माणसं मोजावीत. निघताना किती होतो, पोचलो किती. एवढं कोणी मोजलं असतं तर अर्ध्या तासात परत आलं असतं.

"छोट्या राइडला येत जा" हे मात्र माझ्या मनातून जात नाही. मी परतवाड्याहून चिखलदऱ्याला याआधी एकटीनं जाऊन आले आहे. ग्रुपबरोबर आले ते एकटं जायला नको म्हणून.

बीआरएम_२००

ताई, हे मला माहीत नव्हतं. मी त्या राइडला नव्हतो. थांबण्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. क्लबची राइड आणि ब्रेव्हे वेगळी, मान्य.

वेगाबद्दलचं म्हणणं अजून आहे, त्यावर नंतर लिहितो.

वावरातला

मी क्लबात नाही. चौथी तक्रारवाले काका माहे मोठबा आहेत. माह्या पोरानं हा धागा दाखवला म्हणून लिहून रायलो.

रस्त्यावर सोयाबीन टाकाची आमाले हौस नाही. सोंगणी झाली, हडंब्यातून (मळणीयंत्रातून) काढलं, अन् वरून पाणी आलं. बाजारात नेलं का पहिले ओल मोजतात. १२ टक्क्याच्या वर गेली का भाव पाडतात, नाही तर माल वापस. सगळ्यायच्या घरी खळं नाही, सिमेंटचं अंगण नाही. डांबर तापते, दोन दिवसात वाळते. एकाच बाजूनं टाकतो, दुसरी बाजू मोकळी ठेवतो. त्याच्यावरून चाक गेलं का दाणा फुटते, त्याची डाळ होते, अन् डाळ झालेल्या मालाचे पैसे कापतात. तुमाले वाटते चार दाणे. मोठबाचं सारं वरीस त्याच्यात आहे.

आता आमची चूक पण सांगतो. कडेनं दगड ठेवतो, माल उचलला का दगड तसेच रायतात. अंधारात सायकलवाल्याले ते दिसत नाहीत, मोटरसायकलवाल्याले पण नाही. गावात बोललो मी, पुढच्या हंगामात दगडाच्या जागी पोत्यात माती भरून ठेवू अन् माल उचलल्यावर पोतं पण उचलू. लागलं तरी माणूस मरणार नाही.

अन् एक ध्यानात ठेवा. आमच्याकडे शेतीची लाइन कधी दिवसा तर कधी रातची रायते. रातची असली का माणूस रातभर ओलित करते अन् पहाटे चार-पाचले मोटरसायकलवर घरी येते. झोप डोळ्यात रायते, गाडीले दिवा असला तर असला. तुम्ही त्याच वक्ताले निंगता.

शनिवारची_शाळा

मी अंजनगावकडच्या एका गावात शिक्षिका आहे. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. आसपासच्या वस्त्यांवरून मुली सायकलनं येतात, सातच्या आधी रस्त्यावर असतात, दोघी-दोघी बोलत, दप्तर कॅरिअरला. तुमचा शनिवारचा गट मागून येतो तेव्हा घंटी नाही, आवाज नाही, एकदम सूं करून शेजारून जातो. मुली दचकून कच्च्यावर उतरतात. एक पडली होती, गुडघा सोलला. तिनं तक्रार केली नाही, कारण कोणाकडे करायची हे तिला माहीत नाही. म्हणून ही पाचवी तक्रार माझ्याकडून लिहून घ्या.

घंटी लावा हो सायकलला. महागड्या सायकलला घंटी शोभत नाही असं एकानं मला सांगितलं. आणि मागून जाताना "उजवीकडून येतोय ताई" एवढं म्हणा. त्या मुली तुमच्यासारख्याच सायकल चालवतात, रोज चालवतात, आणि त्यांच्याकडे हेल्मेटही नाही.

माझ्या गावाजवळ शकुंतला रेल्वेचे जुने रूळ रस्त्यात आहेत, तिथेही एक सांगते. गाडी बंद असली तरी रुळाची खाच तशीच आहे. पावसाळ्यात मुलांना मी उतरून सायकल ढकलायला लावते. तुमचे बारीक टायर तिरपे नेलेत तर खाचेत बसतील. सरळ काटकोनात ओलांडा.

पहिला_तास

डॉक्टर म्हणून दोन-तीन गोष्टी.

डोक्याला मार लागलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणतो, त्यावर विश्वास ठेवू नका. उलटी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, झोप येणं, थोडा वेळ शुद्ध जाणं, यातलं काहीही असेल तर त्याची राइड संपली आणि त्याला एकट्यानं घरीही पाठवायचं नाही. आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही, आतला फोम एकदाच दबतो.

१०८ ला फोन करताना "चिखलदरा रोड" एवढं सांगून चालत नाही. कोणत्या फाट्यापासून पुढे, किलोमीटरचा दगड कोणता, हे सांगा. घाटात काही वळणांवर रेंज जाते, म्हणून एकानं खाली किंवा वर रेंज असलेल्या जागी जायचं आणि एकानं जखमीजवळ थांबायचं. म्हणजे गट निदान तिघांचा हवा. अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, मोठं काही असेल तर अमरावतीला हलवावं लागतं, त्यात वेळ जातो. तो वेळ रस्त्यावर वाया घालवू नका.

कुत्रं चावलं तर हळद-चुना नको. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. आठवड्यानं दाखवायला येणारे अजूनही आहेत, आणि त्यात शिकलेले जास्त आहेत, हे मला फार खटकतं.

गावकऱ्यांसाठी: जखमीला उचलून दवाखान्यात आणलं म्हणून तुमच्यामागे पोलिसांचं लफडं लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे चावडीवर सांगा.

कागदपत्र

फॉर्मवरच्या सहीबद्दल कोणीतरी लिहिलंय म्हणून. मी वकिली करतो. "धोका मला माहीत आहे" अशी सही घेतली म्हणजे नेणाऱ्याच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही. आणि अठराच्या आतल्या मुलाच्या सहीला तसाही अर्थ नाही, पालकांची लागते. उलट तक्रार आली होती, ती वाचली होती, आणि काहीच केलं नाही, हे दिसलं तर क्लबची बाजू लंगडी पडते. तक्रारींची वही ठेवायला घाबरू नका. वही असणं आणि तिच्यात पुढे काय केलं ते लिहिलेलं असणं, यानंच क्लब वाचतो.

संत्राबाग

खोट्या तक्रारींचं काय? एखाद्याचं लीडरशी पटत नाही म्हणून कोणी काहीही लिहील. गाव लहान आहे, एकदा नाव खराब झालं की झालं.

घाटवेडी

@संत्राबाग, प्रश्न रास्त आहे. म्हणूनच लीडरलाही ऐकायचं ठरवलंय, वेगळं बसवून, आणि त्याच्या म्हणण्याची नोंदही तिथेच होईल. पण "खोटी असेल" या भीतीनं खरी दाबली जाऊ नये. आतापर्यंतच्या पाचांपैकी एकही मला खोटी वाटलेली नाही.

समितीची बैठक काल झाली. जे ठरलं ते लिहिते, जे नाही ठरलं तेही.

तक्रार दोघांकडे करायची, एक बाई आणि एक माणूस. दोघंही राइड नेत नाहीत. तोंडी चालेल, फोनवर चालेल, क्लबबाहेरच्या माणसाचीही चालेल. आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं आणि काय केलं ते नाव न घेता इथे टाकायचं. ज्या राइडची तक्रार असेल तिचा लीडर त्या निर्णयात नसेल, आणि ऐकून होईपर्यंत पुढची राइड नेणार नाही. यावर बरीच वादावादी झाली, एका जुन्या लीडरना ते अपमानाचं वाटलं. मी त्यांना म्हटलं, ज्याची कॉलरबोन मोडली त्याला अजून चमचा डाव्या हातानं धरावा लागतोय, आपण दोन रविवार थांबलो तर काय बिघडतं. ते तयार झाले, आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

वेळ. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत राइड साडेसहाच्या आधी सुटणार नाही. बहिरमची यात्रा असेपर्यंत त्या रस्त्यावर जायचंच नाही, गाड्या आणि माणसं दोन्ही बेसुमार असतात. उन्हाळ्यात उजाडतंच लवकर, तेव्हा साडेपाचला निघून नऊच्या आत घरी. मागे लाल दिवा दिवसासुद्धा. घंटी सक्तीची, @शनिवारची_शाळा, हा ठराव तुमच्या नावावर धरा. शनिवारचा मार्गही बदललाय.

निघताना आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी. स्वीपचं नाव आदल्या रात्री जाहीर झालं नाही तर राइड रद्द. गावाच्या हद्दीत एकामागे एक, ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशाला चिकटून चालवणं) नाही.

@पान्हा_पेचकस, तुमचं म्हणणं शब्दशः मान्य झालं. तुम्ही "नाही" म्हटलं की नाही.

काकांकडे समितीचे दोघं जाऊन आले. ज्यानं बोललं होतं तोही गेला, स्वतःहून.

न ठरलेलं: वेगवान गटाचं काय करायचं.

बीआरएम_२००

माझा प्रस्ताव. वेगवान गट वेगळा, बुधवारी, उजाडल्यानंतर. ओळीत चालवणं ज्याला शिकायचंय त्यानं आधी महिनाभर मोकळ्या रस्त्यावर सरावाला यायचं, इशारे, अंतर, पुढून मागे येणं, सगळं. @सिपनाकाठ शिकवायला तयार असतील तर मी सोबत उभा राहतो. गावात शिरताना ओळ मोडायची, हे मी स्वतः पाळेन आणि पाळायला लावेन.

सिपनाकाठ

तयार आहे. फक्त पाच-सहा जणांचीच तुकडी करू. दहा-बारा झाले की मागच्याला इशारा पोचत नाही.

मागे_राहिलेली

मलाही त्या सरावाला यायचंय.

सिपनाकाठ

या ताई. पहिल्या तुकडीत धरतो.

वावरातला

त्या कापसाच्या ट्रॉलीचं कोणी काही बोललं नाही. ते आमच्याकडलंच काम आहे. आता वेचा चालू आहे, जिनिंगच्या बाहेर ट्रॉल्यायची लाइन लागते, रातभर उभ्या रायतात. एकेकीच्या मागं चमकणारी पट्टी लावली तर तुमचाही जीव वाचते अन् आमच्या पोट्ट्यायचाही. ट्रॅक्टरवाल्याइले मी सांगतो, माह्या ओळखीचे आहेत. पट्टीचा खर्च तुमच्यानं होते का?

घाटवेडी

होतो. वर्गणीतले पैसे शिल्लक आहेत, समितीला आत्ताच विचारलं, हो म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी येऊ आम्ही सहा-सात जण. किती ट्रॉल्या असतील?

वावरातला

पंधरा-वीस तरी रायतात. पुसाले जुने कपडे पण आणा, धूळ असली का पट्टी चिकटत नाही. अन् मागच्या बाजूले लालच लावा, पांढरी पुढं असते. दोन्ही कोपऱ्याइले लावू, म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे ते दुरून समजते.